होइकुएनची वही: वर्षभराचं रोजचं भाषांतर

काल, ३१ मार्च २०२५ ला, माझ्या मुलाचा, वेदचा, होइकुएनमधला दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग संपला. सात वह्या भरल्या. होइकुएन म्हणजे नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठीचं इथलं, जपानमधलं, पाळणाघर. तिथे लहान मुलांच्या घरच्यांना रोज एक वही भरून द्यावी लागते, तिला म्हणतात रेनराकुचो. रात्री किती वाजता झोपला, सकाळी किती वाजता उठला, काय खाल्लं, शी झाली का, ताप किती, आज घ्यायला कोण येणार, आणि खाली चारपाच ओळी मोकळ्या: 'घरी कसा होता'. संध्याकाळी त्याच पानावर बाई लिहितात, 'इथे कसा होता'. त्या चारपाच ओळींनी मला वर्षभर जे शिकवलं, ते लिहून ठेवतेय. गेल्या वर्षी याच दिवसांत मी असं काही मराठीत शोधत होते आणि सापडलं नव्हतं.

आम्ही पुण्याहून जून २०२३ मध्ये तोक्योला आलो. नवऱ्याची नोकरी इथे, माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून असलेला. या व्हिसावर काम करायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला २८ तासांपर्यंतच. अर्जाला पैसे पडत नाहीत. मला पाच आठवडे लागले, रेसिडेन्स कार्डाच्या मागच्या बाजूला शिक्का मिळाला. ऑक्टोबरात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम लागलं, आठवड्याला २७ तास. तोवर वेद दोन वर्षांचा झाला होता.

इथे शाळेसारखंच पाळणाघराचंही वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि त्याचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या आत भरायचे असतात. मी अर्ज दिला १४ नोव्हेंबर २०२३ ला. सोबत दोघांच्या मालकांनी भरलेला नोकरीचा दाखला (शूरो शोमेइशो), मुलाची माहिती आणि पसंतीक्रमानं सहा होइकुएनची नावं. आईवडील किती तास काम करतात त्यावर गुण ठरतात, आणि माझे तास कमी म्हणून गुणही कमी. महिन्याला १२० तासांच्या आत काम असेल तर मुलाला दिवसाला आठ तास ठेवता येतं, त्याहून जास्त असेल तर अकरा. माझं बसलं आठात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो भारतातल्या उत्पन्नाच्या कागदानं. तीन वर्षांखालच्या मुलांची फी तेव्हा घरच्या रहिवासी करावर ठरायची. २०२२ साली आम्ही इथे नव्हतोच, त्यामुळे त्या वर्षीचं भारतातलं उत्पन्न दाखवा म्हणाले, जपानी भाषांतरासह. आपला फॉर्म १६ एप्रिल ते मार्च, आणि यांना हवं जानेवारी ते डिसेंबर. शेवटी बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढून एका तक्त्यात मांडल्या आणि प्रत्येक रकान्याचं जपानी मी स्वतः लिहिलं. भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि तारीख खाली घातली, ते चाललं. जपानला यायचं ठरत असेल तर या स्लिपा निघण्यापूर्वीच उतरवून घ्या. जुन्या कंपनीचं लॉगिन बंद झालं की फार धावपळ होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पत्र आलं, चौथी पसंती मिळाली. फी महिना ३० हजार येनच्या आसपास. मला रडू आलं. आनंद होताच, पण एवढंसं पोर दिवसभर अशा लोकांत राहणार ज्यांची भाषा त्यालाही येत नाही आणि मलाही, ही भीती त्याहून मोठी होती. पुण्यात असताना एन-५ ची, म्हणजे जपानीची सगळ्यात खालच्या पातळीची, परीक्षा पास झाले होते. त्या जपानीत मी स्टेशन कुठे आहे ते विचारू शकत होते. पोराचं पोट दुखतंय हे सांगू शकत नव्हते.

मार्चमध्ये मुलाखत झाली. तिथेच भाषांतराचा पहिला धडा मिळाला. आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही. मी डोक्यात इंग्रजी वाक्य तयार केलं, 'ही कान्ट ईट मीट', आणि फॉर्मवर त्याचं जपानी लिहिलं, 'ताबेरारेमासेन', म्हणजे खाता येत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी ते वाचून लगेच अ‍ॅलर्जीचा फॉर्म पुढे केला, डॉक्टरांकडून भरून आणा म्हणाल्या. मीही आज्ञाधारकपणे बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारलं, खाल्ल्यावर काय होतं? पुरळ? उलटी? मी म्हटलं, काहीच नाही, आम्ही खात नाही. 'खात नाही' आणि 'खाता येत नाही' यांतला फरक मराठीत मला कुणी शिकवावा लागला नसता. इंग्रजीतून आले म्हणून तो मधेच गळून पडला.

दुसऱ्या भेटीत नीट लिहून नेलं: 'शूक्योजो नो रियू दे, निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. ग्युन्यू तो योगुरुतो वा दाइजोबु देसु.' धार्मिक कारणानं मांस, मासे, अंडी खात नाही, दूध आणि दही चालतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. इथे सूप, भाज्या, डाळी बऱ्याचदा दाशि नावाच्या पातळ रशात शिजतात आणि ते दाशि पुष्कळदा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. 'कात्सुओ नो दाशि मो ताबेमासेन' हे वेगळं सांगावं लागतं. कोम्बु म्हणजे समुद्री वनस्पतीचं दाशि चालेल का, हेही त्या विचारतील, उत्तर घरून ठरवून जा. आमचं असं ठरलं: भात, फळं आणि दूध तिथलं, भाजी-आमटीचा डबा घरून.

मग सामान. कपड्यांचे तीन जोड, अडकवायला नाडी असलेला रुमाल, दुपारच्या झोपेची गादी आणि चादर, डायपर, आणि प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हिरागाना लिपीत, एकेका डायपरवरसुद्धा. वेदचं नाव जपानीत 'बेदो' होतं, शेवटी 'द' हलन्त ठेवायची सोयच नाही. शिक्के करून घेतले, दोन हजार येनच्या आत झाले. रुमाल आणि पिशव्या शंभर येनच्या दुकानातून, करासह ११० येनला एक. हाताने नावं लिहायला बसू नका, शिक्क्यांनी दोन रात्री वाचतात.

१ एप्रिल २०२४, सोमवार. पहिले दोन आठवडे सवय लावण्याचे असतात, नाराशि होइकु. पहिल्या दिवशी दीड तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत असं हळूहळू वाढवत नेतात. ऑफिसला आधीच सांगून ठेवा. माझे सात दिवस रजेत गेले. दारातून वेदचा रडण्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा आणि मी खाली सायकलींच्या बाजूला उभी राहायचे.

आणि मग वही. सुरुवातीची माझी पद्धत अशी: वेद झोपला की आधी इंग्रजीत लिहायचं, फोनवर भाषांतर करायचं, मग ते एकेक अक्षर बघून वहीत उतरवायचं. चार ओळींना चाळीस मिनिटं. इंग्रजी का? कारण फोनला मराठीपेक्षा इंग्रजी जास्त कळतं असं मला वाटायचं, आणि आपल्याला शाळेपासून सवय आहे की परक्यांशी बोलायचं तर इंग्रजीतून.

१८ एप्रिलला मी लिहिलं, 'त्यानं पुरेसं पाणी प्यायलं का?' म्हणजे इंग्रजीत 'डिड ही ड्रिंक इनफ वॉटर?'. मनात एवढंच होतं की घरी तो पाणी मागत नाही, तिकडे काय करतो. संध्याकाळी वहीत अर्धं पान माफी होती. किती वाजता किती पाणी दिलं त्याची यादी, आणि इथून पुढे अधिक लक्ष देऊ असं. मी हादरले. फोनच्या जपानीत माझा प्रश्न जाब विचारल्यासारखा झाला होता.

त्याच आठवड्यात मी वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला जायला लागले. शनिवारी दोन तास, एका वेळचे १०० येन. अशा वर्गांची माहिती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर विचारली की मिळते. मला शिकवायला एक सत्तरीच्या बाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना सेन्सेइ म्हणायचो. मी पुस्तकाऐवजी वही पुढे ठेवली. त्यांनी ते पाण्याचं वाक्य वाचलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, आधी घरचं सांग, मग विचार. आणि लिहून दिलं: 'इए दे वा आमारि मिझु ओ नोमितागारानाइ नोदे, एन दे नो योसु ओ ओशिएते इतादाकेमासु का.' मी ते मनात मराठीत लावून बघितलं: घरी फारसं पाणी प्यायला मागत नाही, तर तिकडे कसं असतं ते सांगाल का. शब्दाखाली शब्द बसला. क्रियापद शेवटी, 'घरी'चा प्रत्यय नामाच्या मागे, 'तर' जिथे हवं तिथे, 'सांगाल का'मधला 'का' थेट शेवटी 'का'. त्यात 'तो' नाही, 'तुम्ही' नाही. मराठीतही मी ते म्हटलं नसतं.

त्या रात्री मी इंग्रजी सोडलं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले, एकीकडे मराठी, दुसरीकडे जपानी. जपानी देवनागरीत लिहायला लागले, रोमनपेक्षा उच्चार फार जवळ येतो. जपानी वर्णमालेचा क्रमही संस्कृतच्या वर्णक्रमावरून गेलेला आहे, अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. त्यामुळे कोशात शब्द शोधणं आपल्याला अंगवळणी असल्यासारखं होतं.

त्या रकान्यांतलं थोडं इथे देते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

टोपी द्यायची राहिली. इंग्रजीतून 'वासुरेमाशिता' येतं, विसरले. सेन्सेइ म्हणाल्या, 'वासुरेते शिमाइमाशिता' लिही. हे म्हणजे 'विसरून गेले'. नुसतं 'विसरले' आणि 'विसरून गेले' यांत जो हळहळीचा फरक आहे, तोच. कपडे पिशवीत घालून ठेवलेत: 'किगाए ओ फुकुरो नि इरेते ओकिमाशिता', 'ओकु' म्हणजे ठेवणं, आपल्यासारखंच क्रियापदाला जोडून. आज पहिल्यांदा भोपळा खाऊन बघितला: 'हाजिमेते काबोचा ओ ताबेते मिमाशिता', 'मिरु' म्हणजे बघणं. खाऊन बघणं, करून ठेवणं, विसरून जाणं, ही आपली जोड क्रियापदं तिथे जशीच्या तशी उभी होती. इंग्रजीत त्यांना जागाच नाही, म्हणून इतके दिवस दिसली नव्हती. घ्यायला यायला दहाएक मिनिटं उशीर होईलसं दिसतंय: 'ओमुकाए गा जुप्पुन होदो ओकुरेसो देसु.' मला भोपळा आवडतो यातला 'मला'सुद्धा तसाच, आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस बाजूला.

मराठी सगळीकडे तारत नाही, तेही सांगायला हवं. मे महिन्यात एका सकाळी वेदचं अंग किंचित कोमट लागत होतं. मी लिहिलं, 'केसा वा सुकोशि अत्सुइ देसु', आज सकाळी थोडं गरम आहे. बाईंनी ते हवेबद्दल समजून त्याला बिनबाह्यांचा शर्ट घातला. 'कारादा गा', म्हणजे अंग, हा शब्द मी गाळला होता. आता लिहिते: 'कारादा गा सुकोशि अत्सुइ देसु गा, हेइनेत्सु देसु', अंग जरा गरम लागतंय पण ताप नेहमीइतकाच आहे. आणि थर्मामीटरचा आकडा नेहमी. आमच्याकडे ३७.५ अंश सेल्सिअस झाला की फोन येतो.

तो फोन ११ जूनला आला, ऑफिसात. ३८.२. घाबरून मी म्हटलं, 'इमा किमासु!' आपण म्हणतो ना, आलेच. पलीकडे शांतता. मग बाईंनी हळूच विचारलं, कोण येतंय? जपानीत बोलणाऱ्याच्या जागेकडे येणं तेवढंच 'येणं', मी तुमच्याकडे निघाले तर ते 'जाणं'. 'सुगु मुकाए नि इकिमासु', लगेच घ्यायला जाते. इथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच बाजूला आणि जपानी पलीकडे. हे वाक्य फोनच्या मागे कागदावर लिहून चिकटवा, ताप ऐकल्यावर व्याकरण आठवत नाही. डॉक्टरांचा खर्च मात्र नव्हता, तोक्योच्या वॉर्डांत लहान मुलांना उपचार मोफत मिळण्याचं कार्ड असतं. तेव्हा ते मी आरोग्य विम्याच्या कार्डासोबत कायम पिशवीत ठेवायचे.

आता ती गोष्ट, जी मी अजून नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. जुलैमध्ये एका संध्याकाळी बाईंनी लिहिलं होतं, 'क्यो वा चोत्तो आमाएन्बो देशिता.' मी फोन धरला. भाषांतर आलं, 'टुडे ही वॉज अ लिटल स्पॉइल्ड'. बिघडलेला. माझं मूल बिघडलेलं आहे असं बाईंनी लेखी कळवलं होतं. रात्रभर झोप नाही. मी नोकरी धरली म्हणून, इथे आणलं म्हणून, असं सगळं मनात येत राहिलं. सकाळी नेताना बाईंशी नजरही मिळवली नाही. शनिवारी सेन्सेइंना पान दाखवलं तेव्हा माझा आवाज कापत होता. त्या वाचून हसल्या, आणि शब्दानं सांगण्याऐवजी त्यांनी माझ्या दंडाला बिलगून खांद्यावर डोकं ठेवलं, लहान मूल ठेवतं तसं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'लाडात आला होता!'

आमाएन्बो म्हणजे लाडोबा. बाईंनी कळवलं होतं की आज तो जरा लाडात होता, सारखा मांडीवर येऊन बसत होता. म्हणजे तीन महिन्यांनी त्यानं त्या बाईंना आपलं मानलं होतं. ज्या बातमीची मी एप्रिलपासून वाट बघत होते ती चार दिवस माझ्या पिशवीत होती आणि मी तिच्यावर रडत होते.

त्यानंतर बाईंचे शब्द मी फोनला विचारण्याआधी स्वतःला विचारायला लागले, हे आपल्याकडे कसं म्हणतात. त्या योचियोचि लिहायच्या, ते लुटुलुटु चालणं. मोगुमोगु म्हणजे तोंड भरून चावत बसणं. गुस्सुरि म्हणजे गाढ झोपणं, निकोनिको हसरा चेहरा. फोन हे शब्द एकतर गाळायचा नाहीतर कोरडे करून टाकायचा. मराठी आईला ते समजवावे लागत नाहीत, आपली अंगाईगीतं आणि बडबडगीतं अशाच शब्दांची आहेत.

डिसेंबरात फ्लू आला. ताप सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि लहान मुलांच्या बाबतीत ताप उतरल्यावर तीन दिवस, दोन्ही पुरे झाल्याशिवाय पाठवता येत नाही. ताप आला तो दिवस शून्य धरतात, मी एक धरला आणि एक दिवस आधीच दारात जाऊन उभी राहिले. परत यावं लागलं.

पण जानेवारीपर्यंत वहीला दहा मिनिटं लागायला लागली होती. काही वाक्यांचं भाषांतर करायचंच नसतं, तीही तोवर कळली होती. 'प्लीज टेक केअर ऑफ हिम'ला जपानीत शोधायचं नाही. पानाच्या शेवटी 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' लिहायचं, आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो तसं. कुणी मदत केली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आभार मानायचे, आणि भूतकाळात: 'किनो वा आरिगातो गोझाइमाशिता.' आणि सकाळी दारात मी 'इत्ते किमासु' म्हणते. जाऊन येते. आपल्याकडेही निघताना 'जाते' म्हणत नाहीत. त्यावर बाई म्हणतात, 'इत्तेराश्शाइ', जा आणि या. पहिल्या आठवड्यात हे त्या मला म्हणत आहेत हेही कळलं नव्हतं. संध्याकाळी घ्यायला गेलं की 'ओकाएरिनासाइ', आलात का. परक्या गावात रोज दोनदा कुणीतरी आपल्याला हे म्हणतं.

तीन वर्षांच्या वर्गापासून आमच्या होइकुएनमध्ये रोजची वही नसते, जे सांगायचं ते दारातच तोंडी. फीही माफ होते, ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी नाही, जेवणाचे पैसे मात्र भरायचे. तेव्हा काल शेवटचं पान होतं. बाईंनी लिहिलं होतं की वेद आता आपले बूट आपणच घालतो आणि जाताना सगळ्यांना 'बाइबाइ' आणि 'टाटा' दोन्ही म्हणतो. फोन न काढता वाचलं. खाली मी लिहिलं, 'इचिनेनकान, ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता.' वर्षभर तुम्ही फार केलंत आमचं. ओसेवा हा शब्द आणि आपली सेवा यांचा मेळ योगायोगाचा असेल, पण लिहिताना हात थांबला नाही. पान वाळेपर्यंत वेद बूट घालून दारात उभा होता.